जुनिपरखालचं पाणी

सहलीचे दिवस मॅरेनने जूनमध्येच ठरवले होते. पंधरा ऑक्टोबरला घळीत उतरायचं आणि अठराला बाहेर यायचं. परवानाही त्याच दिवसांचा मिळाला आणि तिने तो फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला. ऑक्टोबरात तिथलं ऊन निवतं, तळाची कॉटनवूडची झाडं पिवळी पडतात आणि लाल कड्यांना संध्याकाळी आतून दिवा लावल्यासारखा रंग चढतो. तिच्या मते नाही म्हणायला कारण नव्हतं. तरी तिचा बाप ऑरिन टोलमन रोज एक नवं कारण काढी.

"गुडघा धड असता तर मीच आलो असतो. एकटीनं जाऊ नकोस."

"काका वीस वर्षं एकटा जायचा. त्याला अडवलंस का कधी?"

"तो लाइल होता."

"आणि मी त्याची पुतणी आहे. बाबा, मी वर्षभर दवाखान्यात म्हाताऱ्यांची बोलणी खाते. चार दिवस मला कुणाचा आवाज नकोय. तुझासुद्धा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर मिठाची डबी, दुसऱ्यावर पीचच्या मुरंब्याची बरणी. मॅरेनने काकाचीच वाट पेन्सिलने गिरवली होती. पहिले दोन दिवस घळीत झरे होते. तिसऱ्या दिवशी वाट पठारावर चढे आणि तिथे पाण्याचा थेंब नव्हता. जुन्या गुरांच्या कोंडवाड्याजवळ एक वाकडं जुनिपरचं झाड आहे, त्याच्याखाली आधीच पाणी पुरून ठेवावं लागे.

"ते मी ठेवतो," ऑरिन म्हणाला.

"गेल्या वर्षीही तूच ठेवलं होतंस ना?"

"हो," असं म्हणून तो बेसिनकडे गेला आणि धुतलेला कप पुन्हा धुऊ लागला.

पुरलेल्या पाण्याचा त्या मुलखात एक नेम आहे. कॅनवर नाव आणि तारीख लिहायची. तारीख यायची असेल तर घसा सुकला तरी त्या पाण्याला हात लावायचा नाही. तारीख उलटून गेली असेल तर पाणी कुणाचंच नाही. येईल त्याने प्यावं आणि रिकामे कॅन बाहेर न्यावेत. गेल्या वर्षी लाइल एकोणीस ऑक्टोबरला जुनिपरपाशी पोचणार होता. ऑरिनने कॅन नेऊन ठेवले आणि तारीख घातली नऊ. एकोणीसमधला एकाचा आकडा तेवढा लिहायचा राहून गेला. लाइल तहानेने मेलेला सापडला तो जुनिपरपासून दीड मैलावर, झऱ्याच्या दिशेला तोंड करून. शेरीफ म्हणाले, म्हातारपणात वाट चुकला असेल.

घळीच्या तोंडाशी खांबावर लोखंडी पेटीत एक वही असते. आत जाणाऱ्याने नाव, दिवस आणि किती माणसं ते लिहायचं. बाहेर आल्यावर त्याच ओळीत पुढच्या दोन रकान्यांत परतीचा दिवस आणि परतलेली माणसं भरायची. लाइलला शोधून आणल्यावर ऑरिन ती वही बघायला गेला. भावाची ओळ त्याच्या लाल सुतारी पेन्सिलीत होती : लाइल टोलमन, सतरा ऑक्टोबर, माणसं एक. पुढचे दोन रकाने कोरे होते. त्याखाली कुणा अनोळखी माणसाने अठरा तारखेला लिहिलं होतं : 'जुनिपरखाली तारीख उलटलेलं पाणी मिळालं. प्यालो. कॅन बाहेर आणलेत. ठेवणाऱ्याचे आभार.'

ऑरिनने पान फाडून खिशात घातलं. तेव्हापासून ते त्याच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली होतं. मॅरेनला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तो वरच्या गुरवाटेने पिकअप घेऊन गेला. पुढे अर्धा तास पायी. चार कॅन त्याने दोन खेपांत वाहिले. झाडाखाली बसून जाड काळ्या पेनने लिहिलं : मॅरेन टोलमन, सतरा ऑक्टोबर, यंदाचं साल. पाच वेळा मोठ्याने वाचलं. कड्यावरचा डोमकावळा तेवढा ऐकत होता. मग त्याने फोनवर फोटो काढला आणि कॅनवर दगड रचले. उठताना त्याला ओल्या वाळूचा वास आला. पाऊस जुलैनंतर पडलेला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मॅरेनने फोटो बघितला आणि तिला हसू आलं.

"बाबा, चष्मा गाडीत विसरला होतास का?"

"का?"

"नऊ ऑक्टोबर लिहिलंयस. आणि साल गेल्या वर्षीचं."

त्याने फोन ओढून घेतला. अक्षर त्याचंच होतं. नाव मॅरेनचं होतं. तारीख मात्र गेल्या वर्षीची होती.

"मी... पाच वेळा वाचलं होतं."

"म्हातारा झालास, दुसरं काय? उद्या जाऊन बदल."

रविवारची प्रार्थना चुकवून तो पुन्हा गेला. दगड त्याने रचले होते तसेच होते. आसपास वाळूत पावलं होती ती त्याच्या एकट्याची, कालची, एका पायाने ओढलेली. त्याने दगड बाजूला केले. कॅनवर सतरा ऑक्टोबरच होतं, यंदाचं साल, अगदी काल लिहिलं तसं.

कॅन मात्र रिकामे होते. झाकणं घट्ट. तोंड लावून शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घ्यावं तसे चारही कॅन आतल्या बाजूला चेपले होते. खालची वाळू कोरडी होती. वारा पडला. डोमकावळाही नव्हता. त्या शांततेत ऑरिनला एकच गोष्ट कळली. तारीख कितीही बरोबर लिहिली तरी त्याच्या हातचं पाणी इथे टिकणार नाही.

घरी आल्यावर त्याने हत्यारांची पेटी उघडली, घडी घातलेलं पान न उलगडता नकाशावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. राहून गेलेला एक, त्या माणसाचे आभार, फाडलेलं पान आणि आजचे कॅन. मॅरेन बराच वेळ मिठाची डबी फिरवत राहिली.

"वर्षभर माझ्यासमोर बसून जेवत होतास."

"हो."

"काकाच्या दफनाला तू बोललास. वाट चुकला म्हणालास."

"हो."

ती उठून खिडकीपाशी गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाज दवाखान्यातल्यासारखा सपाट होता.

"पाणी पुरायचं नाही. पाठीवर न्यायचं. आणि तू माझ्याबरोबर येतोयस."

"गुडघा..."

"गुडघ्याला पट्टा बांध. काका जिथे पडला तिथे उभा राहून जे मला सांगितलंस ते त्याला सांगायचं. तुला ते चुकणार नाही."

"येतो," ऑरिन म्हणाला. वर्षात पहिल्यांदा त्याला छाती भरून श्वास घेता आला.

मॅरेनने पानाची घडी उलगडली. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"काका एकटाच गेला होता ना?"

"एकटाच. परतीचे रकाने कोरे आहेत बघ."

"कोरे नाहीत, बाबा."

त्याने चष्मा चढवला. लाइलच्या ओळीत, त्याच लाल सुतारी पेन्सिलीत, कागदावर वळ उठतील इतक्या जोराने दोन्ही रकाने भरलेले होते. परतीचा दिवस : अठरा ऑक्टोबर, यंदाचं साल. परतलेली माणसं : दोन.

"दोन म्हणजे आपण दोघं," मॅरेन म्हणाली. तिने फ्रिजवरच्या परवान्याकडे पाहिलं. तिथेही अठराच होतं. "काकाने आपल्यासाठीच लिहिलंय. सुखरूप परत याल म्हणून."

ऑरिन मनात मोजत होता. ओळ लाइलची होती, आणि त्या ओळीत माणूस आधी स्वतःला मोजतो. लाइल धरून ते तिघं होत होते. परतणार होते दोन, आणि त्यांतला एक लाइल.

मॅरेनने बोट उचललं. बोटाच्या टोकाला पेन्सिलीचा ताजा लाल भुगा लागला होता.