उत्तर देण्याआधी

जस्मिननं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या दारात तो उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि खांद्यावर काळी घोंगडी. भेटीची वेळ केव्हाच संपली होती.

“आत जाता येणार नाही,” ती म्हणाली.

“मी जात न्हाई सिस्टर. ही घोंगडी तेवढी जाऊ द्या. आजीला हिच्याबिगर झोप न्हाई यायची.”

“घोंगडीला भेटीची वेळ लागू नाही का?”

तो वळला. “तिलाच विचारा की. कमी बोलती… पण खरं बोलती.”

हसायचं नाही असं जस्मिननं ठरवलं होतं. तरी घोंगडी हातात घेताना ती हसलीच.

तो संपत. गाव कवठे येमाई, नोकरी रांजणगावच्या कारखान्यात, राहायला कारेगावात भाड्याच्या खोलीत. आजी बानूबाई कांद्याच्या वावरात बांधावरून घसरली होती आणि खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात आली होती. सारी हयात मेंढरांमागं चाललेली बाई, आता पायाला वजन बांधून सहा आठवडे पडून राहायचं म्हटल्यावर छताकडं बघून उसासे टाकायची. संपत पोरका होता, त्याला तिनंच वाढवलेलं. पहिली पाळी सुटली की तो थेट दवाखान्यात यायचा, आणि जस्मिन ख्रिस्ती आहे हे कळल्यापासून रोज एक प्रश्न घेऊन यायचा.

“येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला म्हणत्यात. मग तुमचे पाळकसाहेब दारू पिऊ नका का सांगत्यात?”

“तुम्हाला पाण्याचा करता आला, की तुम्ही खुशाल प्या.”

“देवाला सगळं येतं, तर त्याला सोताला उचलणार न्हाई असा धोंडा करता येईल का?”

“त्याला कामं आहेत. तो तुमच्यासारखा रिकामा नाही.”

थर्मामीटर झटकता झटकता ती उत्तर द्यायची आणि पुढच्या खाटेकडं निघून जायची. पाठीवर त्याची नजर आहे हे तिला न बघताही कळायचं. डिसेंबर संपला, जानेवारीची थंडी पडली. घड्याळात चार वाजायला आले की आपण केस सारखे करतो, हे तिच्या एकदा लक्षात आलं आणि ती स्वतःवरच रागावली.

काम आवरलं की बानूबाईच्या खाटेशी ती क्षणभर डोळे मिटायची. म्हातारीनं ते टिपलं. तू काय पुटपुटतीस, माझ्यासाठीबी पुटपुट म्हणाली. तेव्हापासून कपाळावर हात ठेवून जस्मिन दोन वाक्यांची प्रार्थना करायला लागली. ती गोष्ट गावाला जाऊन पोचली.

एका रविवारी बानूबाईचा थोरला मुलगा हौसराव चार-पाच माणसं घेऊन आला. धिप्पाड, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला होता, डॉक्टरही दारात उभे होते. हौसरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सांग पोरी, आमचा बिरोबा मोठा का तुझा येशू?”

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. बिरोबा म्हटलं तर ज्याच्यासमोर ती गुडघे टेकायची त्यालाच नाकारल्यासारखं. येशू म्हटलं तर गावाच्या देवाचा अपमान, मग बोभाटा, आणि मग नोकरी. खिडकीपाशी संपत उभा होता.

“मामा,” जस्मिन म्हणाली, “मी येशूची आहे, ते मी लपवत नाही. पण मोठा कोण हे ठरवायला मला दोघांपेक्षा मोठं व्हावं लागेल. मी तर साधी नर्स आहे. तुम्ही केवढे आहात, तुमचं तुम्ही ठरवा.”

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळा वॉर्डच हसला. हौसरावांबरोबर आलेल्यांपैकी एकानं तर मांडीवर थाप मारली. संपतही हसला. जस्मिनला आतून गोड गुदगुल्या झाल्या. हौसरावांचा चेहरा तेवढा काळवंडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला घरी नेलं. हाड अजून जुळलेलं नाही असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. हौसरावांनी आपल्या जबाबदारीवर सही केली आणि म्हातारीला जीपमध्ये घालून नेलं. संपत तेव्हा पाळीवर होता. चार वाजता तो आला तेव्हा खाट रिकामी होती, आणि जस्मिन चादर बदलत होती.

शनिवारी ती दौंडला घरी गेली. वडील नथानिएल रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. जेवताना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, उत्तर बरोबर होतं.

“मग चुकलं काय, पप्पा?”

“येशूला अडकवायला किती जण आले. तो आधी माणसाकडं बघायचा, मग प्रश्नाकडं. तू त्या माणसाकडं बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. ती खिडकीकडं बघत होती… तिथं संपत उभा होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं कवठ्याला गेली. स्टँडवरच्या बाईला घर विचारत पोचली. म्हातारी आत कण्हत होती, हाडवैद्यानं बांधलेला पाय सुजून टरटरला होता. ओट्यावर हौसराव बसले होते. संपत रजा टाकून आलेला, तिला बघून तो उठून उभा राहिला.

“आता काय ऱ्हायलं?” हौसराव म्हणाले. “माझ्या आईचा धर्म बदलायला आलीस व्हय?”

जस्मिनच्या जिभेवर तीन उत्तरं होती, तिन्ही धारदार. तिनं ती गिळली आणि त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. रात्र-रात्र झोप नसल्यासारखे ते तांबारलेले होते.

“नाही मामा. त्या दिवशी लोक तुम्हाला हसले, ते मला आवडलं होतं. ते चुकलं माझं, तेवढं सांगायला आले. आणि… तुम्हाला भीती कशाची वाटते, ते ऐकायला.”

हौसरावांनी अंगणातल्या कांद्याच्या ढिगाकडं नजर वळवली. मग जडशीळ आवाजात म्हणाले, “मला खांद्यावर घिऊन मेंढरांमागं चालली ती. आन् आता दुखलं की तुझं नाव घेती. जाताना ती मला परकी झाली तर मी काय करू?”

“आजी मला रोज एकच सांगायच्या,” जस्मिन म्हणाली. “माझ्या हौसाला सुखी ठेव म्हण तुझ्या देवाला. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून तुमचंच नाव घेत होते, मामा.”

हौसरावांनी उपरणं तोंडाला लावलं. मग उठले आणि संपतला म्हणाले, जीप बघ.

त्याच दुपारी बानूबाई पुन्हा दवाखान्यात आली. पाय किंचित आखूड राहिला, पण मार्चमध्ये ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी दारातून बाहेर पडली. वेळीच आणलं म्हणून एवढं तरी झालं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी दौंडच्या एसटीत जस्मिन खिडकीशी बसली होती. गाडी सुटता सुटता संपत चढला. दवाखान्यात यायला आता त्याच्याकडं काही कारण उरलं नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला, दोघांमध्ये तिची पर्स. न्हावरं गाव मागं पडलं.

“एक विचारू?” तो शेवटी म्हणाला. “ह्या बारीला चेष्टा न्हाई.”

“विचारा.”

“मला तू… म्हंजी तुला मी…” तो अडखळला. “समज, मी आन् तुझा येशू, दोघांतला एकच ठेवायचा झाला. तर?”

याच्या आधीची जस्मिन पटकन काहीतरी बोलून मोकळी झाली असती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पुढच्या सीटचा गज त्यानं घट्ट धरला होता.

“येशू,” ती हलकेच म्हणाली. “खोटं नाही बोलवत तुमच्याशी. तुमच्याशी तर मुळीच नाही.”

बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ती सरेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “माझं नाव घेतलं असतंस तर वाटलं असतं, आज मला खूश करायला देव सोडला, उद्या दुसऱ्या कुणाला खूश करायला मला सोडशील.”

“आणि तुम्ही? माझ्यासाठी धर्म बदलाल?”

त्यानं गज सोडला. “तुझ्यासाठी न्हाई बदलणार. पटलं कवा तर माझ्यासाठी बदलीन. आन् न्हाईच पटलं, तर तू उपासनेला आत बसलीस की दारात तुझ्या चपला राखीत बसंन.”

जस्मिननं मान खाली घातली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. लग्नाचं काय, समाज काय म्हणेल, पप्पा काय विचारतील, हे सगळं अजून पुढं होतं. तरी तिनं दोघांमधली पर्स उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आला. त्यानं संपतला विचारलं, “कुठं?”

संपतनं ते ठरवलंच नव्हतं. त्यानं जस्मिनकडं पाहिलं.

“दौंड,” ती म्हणाली. “आमच्या घरी येताहेत ते.”