घराकडे तोंड केलेली गाडी

दार सताड उघडं, शेगडीवरची कॉफी जळून काळी ठिक्कर, आणि एमेट हॅलोरनचा पत्ता नाही.

लोर्ना टॅकेट ओसरीतच थबकली. ती काउंटीच्या घरपट्टी कचेरीतली अधिकारी. आगीच्या बंबावरच्या नोकरीत अपंग झालेल्यांना आमच्याकडे घरपट्टी माफ असते, पण दरवर्षी अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते. आज शेवटचा दिवस, मुदत चार वाजेपर्यंत, म्हणून ती स्वतःच अर्ज घेऊन आली होती. सही चुकली की माफी गेली, आणि एमेटच्या पेन्शनीत पट्टी भरायची म्हणजे घरच विकायचं. आजूबाजूचे सगळे प्लॉट गोदामवाल्यानं कधीच घेतले होते. मधे हा एकटा म्हातारा अडून बसलेला.

बावीस वर्षांपूर्वी जळत्या घरातून चार वर्षांच्या पुतण्याला काढताना एमेटचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला; तेव्हापासून तो खोट्या पायावर चालायचा. पोराचे आईबाप वाचले नाहीत. पोराला एमेटनंच वाढवलं.

तोच पुतण्या, डेरिल, अंगणात घाम पुसत उभा होता. शेरीफचा शिपाई ओटिस नदीत एमेटचा शोध घ्यायला गळ आणि दोर गोळा करत होता.

"काका कुठाय रे?" लोर्नानं विचारलं.

"सकाळी गाडी घेऊन बाजारात गेला होता. आठला आला, गाडी लावली आणि नदीकडे चालत गेला. चित्त थाऱ्यावर नव्हतं हो बाई त्याचं."

"गाडी त्यानंच लावली?"

"ह्या डोळ्यांनी पाहिलं!"

"नंतर कोणी हलवली का?"

"कोणी हात नाही लावला."

लोर्ना गाडीकडे गेली. गाडीचं नाक घराकडे. चाकांना पांढरी चुनखडी. तिनं दार उघडून आत वाकून पाहिलं. ब्रेकच्या डावीकडे एमेटसाठी मुद्दाम बसवलेला वेगाचा पेडल वर दुमडलेला होता. आणि मागच्या महिन्यात कचेरीत येऊन ह्याच जागेचा नकाशा कोण घेऊन गेलं, तेही आठवलं.

घड्याळात अडीच वाजले होते.

"ओटिस, नदी राहू दे," ती म्हणाली. "ह्याला धर."

"मला? वेड लागलंय का बाई तुम्हाला?"

"माझा नवरा सव्वीस वर्षं बंबावर होता. ही माणसं गाडी नेहमी मागे घेत लावतात, नाक रस्त्याकडे. भोंगा झाला की सुसाट निघायला. म्हातारी झाली तरी खोड जात नाही. चर्चच्या आवारातसुद्धा तेच! भांडून थकले मी. एमेटनं अशी गाडी लावली असती तर त्याला झोप आली नसती. आणि तो चालवतो डाव्या पायानं. तो पेडल दुमडतो कोण? ज्याचे दोन्ही पाय धड आहेत, तोच. बाजाराचा रस्ता डांबरी आहे, चुनखडी फक्त खाणीवर. खाणीपलीकडे एमेटची मासेमारीची खोपटी. नकाशा गोदामवाल्याला दाखवलास ना? घर मिळवून द्यायचा विसार किती घेतलास रे?"

डेरिलचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मारणार नव्हतो त्याला! फक्त चार वाजेपर्यंत..."

"मग नदीचं नाव का घेतलंस, मेल्या?"

ओटिसनं गाडीमागची हत्यारांची पेटी उघडली. घोंगडीत गुंडाळलेला एमेटचा खोटा पाय आत होता.

खोपटीचं कुलूप तोडलं तेव्हा साडेतीन झाले होते. एमेट दारापर्यंत सरपटत आला होता. नखं तुटून बोटं रक्ताळली होती. लोर्नाला रडू फुटलं, पण तिनं आधी अर्ज पुढे केला. म्हाताऱ्यानं सही केली. कागदावर रक्ताचा डाग पडला.

मग त्यानं बेड्या घातलेल्या डेरिलकडे वळून पाहिलं.

"पहिला पाय तुला बाहेर काढताना मी दिला होता, पोरा," तो म्हणाला. "हा खोटा मागितला असतास, तर हाही दिला असता. घर मात्र तुझ्यासाठीच राखत होतो."