विमानाचं डावं चाक

"थांबा! कुणी हात लावू नका!" कप्तान ओरडली.

शंकासुर दारातच थबकला. मागून धावत येणारी बारकी त्याच्या पाठीवर धाडकन आदळली.

मागच्या खोलीतल्या टेबलावर, धूळ बसू नये म्हणून पालथ्या घातलेल्या पारदर्शक डब्याखाली, त्यांचं लढाऊ विमान उभं होतं. सुट्टीचे अठरा दिवस तिघं त्याच्यापायी राबली होती. सुटे भाग कानशीने घासले, चिकटवले, वरून हिरवे-तपकिरी पट्टे ओढले, पोटाला फिकट निळा रंग दिला. विमान जेमतेम वीतभर, पण ऐट अशी की आत्ता उडेल! आणि आज सकाळी वैमानिकाच्या डोक्यावरची काचेसारखी कॅनॉपी पांढरीफटक पडली होती. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी.

"आज चार वाजता आजी येणार!" शंकासुराने डोक्याला हात लावला.

विमान शेजारच्या आजींसाठी होतं. लढाईच्या काळात त्या विमानांच्या कारखान्यात रंगारी होत्या आणि असलीच विमानं त्यांच्या हाताखालून गेली होती. उद्या त्या कायमच्या लेकीकडे राहायला जाणार होत्या.

आरडाओरडा ऐकून काका आले. काका म्हणजे कप्तानचे बाबा. शंकासुर आणि बारकी ही त्यांची पुतणेमंडळी, सुट्टीपुरती मुक्कामाला आलेली. काकांनी वाकून पाहिलं आणि वाकल्या वाकल्याच निकाल दिला.

"चिकट बोटांनी हाताळलं की असंच होतं! काल शेवटी कोण होतं इथे?"

सगळ्यांनी बारकीकडे पाहिलं.

"मी होते, पण मी फक्त पंखाचा कोपरा रंगवला! कॅनॉपीला बोटसुद्धा लावलं नाही!"

"जाम-पाव खाऊन आली होतीस," कप्तान म्हणाली.

"हात धुतले होते!"

"तू हात धुतेस म्हणजे पाण्याला लांबून नमस्कार करतेस! टेबलाचा नियम माहीत आहे ना? काम बिघडवलं की टेबल सोडायचं. शेपटीवरचा नंबर मी लिहीन."

बारकीचे डोळे डबडबले. आजींनी आठवून सांगितलेला तो तीन आकडी नंबर लिहायचं काम तिचं होतं. तीन दिवस तिने रद्दी पेपरवर सराव केला होता. तिच्याइतका स्थिर हात तिघांत दुसऱ्या कुणाचा नव्हता. कप्तानचा हात तर ब्रश धरला की थरथरायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कप्तानला मान्य नव्हतं.

बारकी नाक ओढत मागच्या पायरीवर जाऊन बसली.

शंकासुराने मात्र भिंग उचललं. त्याला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं.

"कप्तान, हा पांढरा थर आतून आहे."

"म्हणजे?"

"बाहेरून आहे तसा आतूनही आहे. कॅनॉपी आपण परवाच चिकटवली. मग काल बारकीचं बोट आत शिरलं कुठून?"

कप्तानने भिंग घेऊन स्वतः पाहिलं आणि चक्क मान डोलावली. त्या घरात असा प्रसंग वर्षातून एखाद्याच वेळी यायचा!

शंकासुराने खोक्यातला माहितीचा कागद काढून उलटा केला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. त्याने मोठ्याने वाचलं, "पारदर्शक भागांजवळ सुपरग्लू वापरू नये. बंद जागेत त्याची वाफ साचून ते पांढरे पडतात."

"पण आपण सुपरग्लू वापरलाच नाही!"

"आपण नाही वापरला," शंकासुर म्हणाला आणि त्याने विमान अलगद उताणं केलं. "हे बघ! उजवं चाक पायाच्या दांडीच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि डावं आतल्या. हा पाय तुटला होता. कुणीतरी परत चिकटवला, तोही उलटा!"

जोडावर वाळलेला, चकाकणारा थेंब होता.

दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. घरातली सुपरग्लूची नळी एकाच खिशात राहायची. कपाचा कान, चष्म्याची दांडी, रेडिओचं बटण आणि एकदा स्वतःचाच अंगठा तर्जनीला, एवढी कामं आजवर त्या नळीच्या नावावर जमा होती.

"बाबा!" कप्तान लालबुंद झाली. "आत्ता जाऊन विचारते!"

"विचारलंस तर 'छे, छे' म्हणतील. काकांना विचारायचं नसतं, त्यांचं कौतुक करायचं असतं!"

आणि तो तिच्या कानाशी लागला.

दुपारी सगळे जेवायला बसले. बारकी ताटात बोटाने रेघोट्या ओढत होती.

"डाव्या चाकाचा जोड काय जमलाय!" शंकासुर मोठ्याने म्हणाला. "तुटलं होतं हे कळतसुद्धा नाही!"

"बारकीने केलं असणार. एवढी सफाई दुसऱ्या कुणाला जमणार?" कप्तान म्हणाली.

"मी कुठे..." बारकीने तोंड उघडलं. टेबलाखाली तिच्या पायावर पाय पडला.

 काकांनी पाण्याचा घोट घेतला, भिंतीकडे पाहिलं, आणि मग काही राहवेना.

"सफाई कसली? दोन थेंबांचं काम! धरायचं कसं तेवढं कळावं लागतं. मी नुसतं अर्धं मिनिट..."



"तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"काल संध्याकाळी... मित्राला दाखवायला उचललं, तर पाय हातात आला. म्हटलं, मुलांना वाईट वाटेल, गुपचूप बसवून टाकू. वरून डबासुद्धा आठवणीने झाकला!"

"आणि सकाळी माझ्यावर ढकललंत!" बारकी ताडकन उभी राहिली.

"अगं, चाकाने कॅनॉपी पांढरी होते हे मला काय ठाऊक?"

"पण चाकाचं तरी सांगायचं होतं!" काकूंनी असं पाहिलं, की काकांनी मान खाली घातली.

कप्तानही उठली. "बारके, चुकलं माझं. नीट न बघताच तुला उठवलं."

"आणि पाण्याला नमस्कार?"

"तेही परत घेते. चल, नंबर लिहायचाय!"

घड्याळात दीड वाजला होता. कॅनॉपी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली होती. कोमट पाण्याचा बोळा फिरवल्यावर ती अलगद सुटली. सायकलवाला दिव्याची धुरकट काच टूथपेस्टने घासतो, हे शंकासुराने पाहिलेलं होतं. कापसाची काडी आणि टूथपेस्ट काकांच्या हातात देण्यात आली. देखरेखीला बारकी!

"गोल गोल, काका! दाबू नका!"

"किती वेळ?"

"वैमानिकाचं नाक दिसेपर्यंत!"

काका घासत राहिले. कप्तानने चाक सोडवून सरळ बसवलं, यावेळी योग्य गोंदाने. बारकीने श्वास रोखून तीन आकडे काढले. सव्वातीनला काकांनी कॅनॉपी पुसून उजेडात धरली.

"दिसलं! नाक दिसलं!" ते लहान मुलासारखे ओरडले. कप्तानने ती लगेच पांढऱ्या गोंदाने परत जागेवर बसवली.

चारच्या ठोक्याला आजी आल्या. त्यांनी विमान तळहातावर घेतलं आणि आधी उताणं केलं.

"वरून सगळेच नीट रंगवतात," त्या पुटपुटल्या. मग त्यांचं बोट थांबलं. "या पायाची दुरुस्ती झालीय."

 काका खाकरले.

"मी मोडला होता. कॅनॉपीही माझ्यामुळेच बिघडली. मुलांनी शोधून काढलं आणि त्यांनीच सावरलं."

"दुरुस्त झालेल्या विमानाला आम्ही कधी कमी लेखलं नाही," आजी हसल्या. "दुरुस्ती लपवणाऱ्याला मात्र मुकादम घरी पाठवायचा. फार हुशार आहात रे पोरांनो! आणि नंबर कुणी लिहिला?"

बारकीने हात वर केला. आजींनी तो हातात घेऊन बोटं निरखली.

"तेव्हा तू कारखान्यात असतीस तर मी शेवटचं, नंबराचं काम तुझ्यावरच सोपवलं असतं. आता खूण कर. आमच्याकडे काम पसंत पडलं की रंगारी पंखाखाली आपापला ठिपका द्यायचे."

कप्तानने झटकन रंगाची बाटली उघडली आणि बारकीसाठी खुर्ची पुढे ओढली.

"काकांचाही काढू?" बारकीने विचारलं.

"तासाच्या वर घासलंय मी!" काका काकुळतीला आले.

पंखाखाली तीन ठिपके अगदी एकसारखे उमटले. चौथा बारकीने मुद्दाम जरासा लहान काढला.