डावीकडचा तिसरा स्क्रीन

ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. घरांचे नकाशे काढायचं काम, आणि कागदावरची भिंत केसभर जरी सरकली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्याने घरून काम करायची परवानगी मागितली, आणि साहेबांनीही फारसे आढेवेढे न घेता ती दिली. बायको बँकेत नोकरीला. दिवसभर आईजवळ कुणीतरी हवंच होतं. त्याने आईच्या खोलीतच टेबल मांडलं. समोर कॉम्प्युटर, डाव्या हाताला आईची कॉट.

आई डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. बोलणं नाही, ओळख नाही. "त्यांना काही कळतं की नाही, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "फार आशा धरू नका." आशा काय कुणाला विचारून धरतात? आई आत आहे की नाही, एवढं एकच त्याला कळायला हवं होतं. नळ्या बदलताना, केस विंचरताना तो तेवढंच शोधत असे.

एका स्क्रीनवर नकाशे मावेनात, म्हणून त्याने दुसरा आणून उजवीकडे ठेवला. वायर जोडली, सेटिंग्ज उघडली. तिथे जोडलेले स्क्रीन चौकोनांसारखे दिसतात. टेबलावर ते जसे असतील तसे चौकोन सरकवून लावायचे, म्हणजे माउसचा बाण एका स्क्रीनमधून दुसऱ्यात सरळ जातो. चौकोन दोन हवे होते. होते तीन.

तिसरा डावीकडे होता, जरा खाली. मिलिमीटरने सवयीने नजरेनेच माप घेतलं. टेबलाच्या मानाने कॉट जेवढी खाली, तेवढाच.

त्याने वायरी काढून पुन्हा खोचल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिसरा चौकोन काही हटेना. कोणता स्क्रीन कितवा हे ओळखायला एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येकावर आपापला आकडा उमटतो. त्याने दाबलं. समोर एक. उजवीकडे दोन. तीन कुठेच नव्हता, म्हणून त्याने डावीकडे मान वळवली.

आईच्या बुबुळांत बारीक, पांढरा तीन होता.

क्षणभरच. मग आकडे तिन्ही ठिकाणचे गेले. प्रतिबिंब असेल, त्याने मनाची समजूत घातली. पण प्रतिबिंब उलटं पडतं, हा आकडा सरळ होता. शिवाय ज्याचं प्रतिबिंब पडावं असा तीन खोलीत नव्हताच.

त्या दिवशी काम करताना एका जिन्याचा नकाशा डाव्या कडेपलीकडे सरकला आणि गायब झाला. शोध शोध शोधला. चहा प्यायला उठला तेव्हा त्याला दिसलं, आईच्या उजव्या हाताचं बोट चादरीवर फिरत होतं. आडवी रेघ, उभी रेघ, आडवी रेघ. पायऱ्या. वळणावरची तिरकी पायरीसुद्धा तिने बरोबर घेतली.

चहा विसरून तो परत टेबलाशी बसला. मग त्याने बाबांचा एक जुना फोटो उघडला, सायकल धरून उभे असलेले, आणि हळूच डावीकडे ढकलला. फोटो कडेपलीकडे गेला. आईच्या ओठाचा एक कोपरा हलला.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, बाळंसुद्धा झोपेत हसतात." तिचा स्वर मायेचा होता, म्हणून त्याला जास्तच लागलं.

पण तो थांबला नाही. रोज फोटो पाठवू लागला. मावशीचे, जुन्या घराचे, स्वतःचे शाळेतले. एकदा माउसवरून हात काढलेला असताना बाण आपोआप डाव्या कडेतून आत आला. चाचपडत, थांबत थांबत सरकला आणि बाबांच्या दुसऱ्या एका फोटोवर येऊन टेकला.

"आई," तो कुजबुजला, "मी दिसतो का गं तुला?"

बाण वर गेला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली.

त्याला रडू कोसळलं. इतक्या महिन्यांत असा आनंद झाला नव्हता.

बायकोने मात्र धसका घेतला. नवरा कॉम्प्युटरशी बोलतोय, हसतोय, रडतोय. तिने भावाला बोलावलं. मेहुण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तोंडात अखंड शीळ आणि कशालाही हात लावायची घाई.

मिलिमीटर स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"भावजी," आतून आवाज आला, "हा तिसरा भुताचा स्क्रीन कुठून आला? जोडलेला तर काहीच नाहीये. टाकला काढून!"

चहाचं भांडं तसंच ओट्यावर टाकून तो धावला.

एखादा स्क्रीन काढला की त्याच्यावर जे उघडं असेल ते मुख्य स्क्रीनवर येतं. हे त्याला ठाऊक होतं. समोर बाबा, मावशी, जिना, सगळं एकावर एक येऊन पडलं होतं. सर्वांत वर एक विंडो होती, ती त्याने कधीच उघडली नव्हती. तिला नाव नव्हतं. बंद करायची फुलीही नव्हती.

त्या विंडोत ही खोली होती. त्याचा स्वतःचा चेहरा समोरून, मागे शीळ थांबलेला मेहुणा, बाजूला कॉट आणि तिच्यावर आई.

"कॅमेरा कुठाय पण?" मेहुण्याने विचारलं. कॅमेरा नव्हता.

चित्र मधूनच क्षणभर काळं होई आणि परत येई. "वायर ढिली दिसतेय," मेहुणा म्हणाला.

मिलिमीटरने कॉटकडे पाहिलं. आईचे डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती.

डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, श्वास ठीक. "तशाच आहेत," ते म्हणाले, आणि डोळे सुकू नयेत म्हणून थेंब लिहून दिले.

त्याने ती विंडो धरून डाव्या कडेकडे ओढली. पुन्हा ओढली. ती कडेला अडत होती. पलीकडे आता काही नव्हतं.

तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही. वीज गेली तर म्हणून बॅटरी आणली. चौकोन दोनच दिसतात. तो विंडोशी बोलतो, आणि ती त्याच्याकडे बघते. कधी त्याच्या खांद्यावरून कॉटकडे बघते. तेव्हा चित्र ओलसर, धूसर होतं. तो फडक्याने काच पुसतो. काच कोरडीच असते.

अधूनमधून कोपऱ्यात सूचना येते: अपडेट तयार आहे, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल, उघडं असलेलं सगळं बंद होईल. तो 'नंतर' दाबतो.

आज सकाळी सूचना मधोमध आली. खाली एकच बटण होतं, आणि त्यावर 'नंतर' लिहिलेलं नव्हतं.

तिच्यामागे ती विंडो भराभर मिटत होती, उघडत होती.