एकट्याची खोली

कंदील जरा बारीक कर, धर्मराज, अन् दार लोटून घे. ही गोष्ट रखमाजीची. माझ्या वडलांचा मावसभाऊ, तीर्थपुरीचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेली, तवा ऐकीव म्हणू नका.

निजामाचं राज्य होतं. रखमाजीला जालन्यात स्टेशनाजवळच्या जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम लागलं, म्हणून तो खोली बघायला निघाला. बायको वारलेली, मूलबाळ न्हाई. एकट्या गड्याला जागा कोण देतो? दिवसभर हिंडला, तेव्हा निजामोद्दीन नावाच्या म्हाताऱ्यानं होय म्हटलं. त्याच्या अंगणात एका रांगेत सहा खोल्या होत्या. मातीच्या भिंती, एक दार, खिडकी न्हाई. राहणारे सगळे एकटेच.

शेजारच्या खोलीत बद्रीनाथ होता. साठीचा माणूस, कचेरीसमोर बसून लोकांचे उर्दूत अर्ज लिहून द्यायचा. पहिल्याच सांजेला तो म्हणाला, "रखमाजी, एक ऐकता का? निजताना मी भिंतीवर तीनदा टकटक करीन. तुम्ही उलटून करा."

"कशापायी?"

"तुमच्या खोलीत आधी एकजण राहायचा. तो मेला, ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं." बद्रीनाथनं मधल्या भिंतीवर हात ठेवला. "तसं न्हाई व्हायला पाहिजे. ना माझं, ना तुमचं."

रखमाजीला हसू आलं, पण तो हो म्हणाला. मंग रोजचंच झालं. तिकडून टकटक, इकडून टकटक. पुढं पुढं त्याबिगर त्याला झोप येईना. दोघांचं दिवसा बोलणं थोडंच; पण आपण हाये, हे कुणाला तरी ठाऊक हाये, एवढं त्याला पुरायचं.

सन शेहेचाळीस. पौषातली अमावस्या. त्या दिवशी कापूस लई आल्ता, जिन रात्री दहाला सुटलं. रखमाजी अंधारात चाचपडत खोलीवर आला. थंडीनं दात वाजून राह्यले होते. त्यानं शेगडीत कोळसे फुलवले, दार लावलं, दाराच्या फटीत पोतं कोंबलं अन् शेगडी उशाशी ओढली. भिंतीवर टकटक केली.

उत्तर न्हाई.

बद्रीनाथ झोपला असंल, असं म्हणून तो आडवा झाला.

किती वेळ गेला, कळलं न्हाई.

टक... टक... टक.

रखमाजीला वाटलं, सकाळी बघू.

टक. टक. टक.

आता जोरात. उलटून टकटक करावी, म्हणून त्यानं हात उचलला. हात उचलेना.

डोकं शिळेसारखं जड. तोंड उघडलं... आवाज न्हाई.

टक. टक. टक. टक.

थांबेचना.

तेव्हा त्याला उमगलं. शेगडी. बंद दार. तो कुशीवर वळला. कोपरावर सरकला. पोतं ओढलं. कडीला बोट लागलं... निसटलं... परत लागलं.

दार उघडलं. गार वारा आला. तो उंबऱ्यावरच पडला.

मागं टकटक थांबली.

पहाटे निजामोद्दीन नमाजाला उठला, तर हा अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यानं तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. रखमाजी शुद्धीवर येत म्हणाला, "मियाँ, मला बद्रीनाथनं वाचवलं. रातभर भिंत ठोकत होता बिचारा."

निजामोद्दीनच्या हातातला लोटा तसाच राहिला.

"बद्रीनाथ? वो तो कल दोपहरकूच गुजर गया, बेटा. कचेरीके सामने, लिखते लिखते. सांजच्याला अग्नी दिला. तुम जिनमें थे." त्यानं शेजारच्या दाराकडं बोट केलं. बाहेरून कुलूप होतं.

रखमाजीनं सरकत जाऊन ते कुलूप हातानं चाचपलं.

उजाडल्यावर तो आपलं सामान काढायला खोलीत गेला. दारातून ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. उशीच्या वर, हातभर उंचीला, माती खरवडली गेली होती. बोटांच्या पेरांचे खड्डे. ताजे. खालच्या उशीवर मातीचा भुगा सांडलेला.

खड्डे भिंतीच्या ह्या बाजूला होते. खोलीच्या आतून.