सादिर उस्तादाची बंदूक कोण पुसतं?

सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा लग्नापासून माझ्या कशावरच बसलेला नाही, तेव्हा तुम्ही एकटे नाही. ज्या हिवाळ्यात आमच्या नारीन नदीच्या खोऱ्यात माणसं जमिनीला चिकटलेली आपली सावली खरवडून घरी नेत होती, त्या हिवाळ्यात एसेनकूल तक्रार घेऊन आला की आपल्या बंदुकीची कोणीतरी चोरून काळजी घेतंय.

आला तो बुरमाकेआपाकडे. हरवलेले घोडे शोधून देणं हा तिचा धंदा. चोर सापडला तर तो फुकट. सोबत तिचा भाचा जोलचू असायचा. तो घोडे धरायचा आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही कामं तो मनापासून करी.

एसेनकूलचे वडील सादिर उस्ताद लोहार होते. त्यांनी ती बंदूक स्वतः घडवली होती. नळी ठोकून काढलेली, आतले आटे हाताने कापलेले, अक्रोडाचा दस्ता आणि नेम धरताना जमिनीवर रोवायचे दोन लाकडी पाय. रिवाजाप्रमाणे बापाचं घर धाकट्या बायीशला गेलं आणि आई अनिपा त्याच्याकडे राहिली. थोरल्या एसेनकूलच्या वाट्याला बंदूक आली. ती घेऊन तो शेजारीच वेगळा राहत होता.

तो तिला जीवापाड जपे. वडील लावायचे तशी चरबी चोळून, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, थंड खोलीत टांगून ठेवी. तरी नळीवर तांबूस ठिपके येत. मग तो मेंढ्यांकडे जाऊन परतला की ठिपके गायब, नळी लख्ख.

"बायीशच," तो म्हणाला. "घर मिळालं, आता बंदूकही हळूहळू आपली करतोय. परवा वडिलांचं वर्षश्राद्ध. साऱ्या जमातीसमोर सांगणार आहे, मला भाऊ नाही."

"दोन दिवस तोंड बंद ठेव," आपा म्हणाली आणि घोड्यावर बसली.

थंड खोलीत तिने बंदूक उतरवली. नमद्यावरून पट्टा घट्ट, एकावर एक वेढे देत गुंडाळला होता. टोक आत खोचलेलं, गाठ कुठेच नाही. एसेनकूल म्हणाला, मी तर गाठ मारतो. आपाने नळी हुंगली. मग स्वयंपाकघरातल्या ज्या मडक्यातली चरबी तो वापरायचा त्यात बोट घालून चाटलं. मेंढीच्या शेपटाची चरबी, हिवाळ्यासाठी खारवलेली.

"आपा, जेवायला वेळ आहे अजून," जोलचू हळूच म्हणाला.

आतल्या खोलीत एसेनकूलची बायको ऐजामाल बाळाला पाळण्यात बांधत होती. नातवाला झोके द्यायला रोज येणारी अनिपा शेजारीच बसली होती. ऐजामालने पाळण्याच्या पट्ट्याला फुलासारखी सुरगाठ मारली.

"सूनबाई, बाळ बांधतेस की बूट?" म्हातारी म्हणाली, आणि बाळाच्या खोकल्यासाठी त्याच्या छातीवर पिवळी चरबी चोळू लागली. ती सूरची, बिळात राहणाऱ्या त्या लठ्ठ डोंगरी प्राण्याची. बंदुकीचं विचारताच ऐजामालने कानांना हात लावले. बाईचा हात लागला की शिकार रुसते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

बायीश अंगणात ट्रॅक्टरखाली होता. बंदुकीला शिवलोही नाही, म्हणाला. जोलचूशी हात मिळवला तर जोलचूचा हातमोजा डिझेलने काळा झाला. बायीश पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकला. मग म्हणाला, दादाला घर हवं असेल तर खुशाल घे म्हणावं, पण असं वळून वळून बघू नये.

राहिला शेरमात, उस्तादांचा शागीर्द. लोहारशाळेत उस्तादांचे हातोडे टांगले होते, गंजलेले. उस्ताद गेल्यावर कोणी पुसले नाहीत का, आपाने विचारलं. शेरमात हसला. ते असतानाही असेच होते, म्हणाला. वस्तू घडवून झाली की ते तिच्याकडे वळून पाहत नसत. नवी सुरी दुसऱ्या दिवशी गवतात सापडे.

"शेरमातच," जोलचू बाहेर येताच म्हणाला. आपाला हायसं वाटलं. एक नाव कमी झालं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना चहाला बसवलं.

"एसेनकूल, तुझी बंदूक तूच खातोयस," ती म्हणाली. "मिठाची चरबी लोखंडाला लावतोस. गंज येणार नाही तर काय?"

"वडील मडक्यातलीच लावायचे. मी पाहिलंय."

"मडकं पाहिलंस, आतलं नाही. कोणीतरी तुझं मीठ कढत पाण्याने धुतं आणि सूरची चरबी लावतं. वास अजून आहे. बायीशच्या हाताने नमद्यावर डिझेल उमटलं असतं. शेरमात लोहार आहे, मान्य. पण तो नमदा लोहाराने नाही बांधला. पाळण्यातलं बाळ बांधतात तसा बांधलाय, जुन्या बायका टोक आत खोचतात तसा. ऐजामाल तर सुरगाठ मारते."

आपाने चहाचा घोट घेतला.

"आणि ज्याला स्वतःचा हातोडा पुसता आला नाही," आपा हळू आवाजात म्हणाली, "त्याची बंदूक जन्मभर लख्ख कशी राहिली?"

अनिपाने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"घडवायचं काम त्याचं," ती म्हणाली. "जपायचं माझं. तो कधीतरी वरवर बोट फिरवायचा, तेच तुम्हा पोरांना दिसायचं. माझा हात लागलेला लोकांना कळला असता तर त्याच्यासोबत कोणी शिकारीला गेलं नसतं. आणि तुला सांगितलं असतं, एसेनकूल, तर तू ती पुन्हा हातात धरली असतीस?"

एसेनकूल तिच्याकडे वळला. बराच वेळ आईच्या बोटांकडे पाहत राहिला. मग उठला, बायीशच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याचा रिकामा वाडगा स्वतः भरला.

वर्षश्राद्धाला दोघे भाऊ एकाच ताटात जेवले. आणि मग एसेनकूलने ती बंदूक उचलली, तिचे लाकडी पाय बर्फात रोवले आणि असा बार काढला की गोळी खिंड ओलांडून गेली, पलीकडच्या कड्यावरचे दोन रानबोकड एकात एक ओवले आणि—

"खोटं," माझी गोष्ट ऐकत शेकोटीपलीकडे बसलेला बायीश म्हणाला. "दादाने बंदूक आईच्या हातात दिली. बार आईने काढला."