विमानाचा पंखा होळीत!

"अरे शहाण्या, फळा उलटा धरलायस! विमान पालथं पडलंय!" इरा ओरडली.

"अपघातांचंच प्रदर्शन आहे ना? मग उलटंच शोभेल!" सत्यजीत म्हणाला, आणि परेश-हेतल खो खो हसत सुटले.

१९८९ सालच्या होळीच्या सुट्टीला इरा आणि तिचा धाकटा भाऊ सत्यजीत दादरहून पनवेलला कमलाकरकाकांकडे आले होते. परेश-हेतल ही शेजारच्या दुकानदाराची भावंडं. काकांचं वेड जगावेगळं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कोकणात आणि घाटात जी लष्करी विमानं पडली, त्यांचा ते बारा वर्षं शोध घेत होते. विमानं पडायची केव्हाच थांबली, पण घरातला पसारा वाढायचा काही थांबत नाही, असं कुमुदकाकू म्हणायची. परवा वाचनालयात प्रदर्शन होतं, आणि रंगवलेले फळे दिवाणखान्यात वाळत होते.

तेवढ्यात दारात साठीच्या एक बाई आल्या. "मी पद्मजा. पुण्याहून आले. प्रदर्शनाची बातमी वाचली."

काका खूश झाले. बाई मात्र जासईच्या फळ्यापाशीच थबकल्या. त्यावर लिहिलं होतं: 'सन १९३४. जासईच्या खाडीकाठच्या खाजणात, चिखलात विमान कोसळलं. वैमानिक आणि मेकॅनिक ठार. इंजिन हवेतच बंद पडलं. कारण, मेकॅनिक काशिराम यांचा हलगर्जीपणा.'

"काशिराम माझे वडील," बाई हळूच म्हणाल्या.

बाईंनी पर्समधून एक जुना फोटो काढला. खाकी कपड्यातला एक सडपातळ माणूस दुपंखी विमानासमोर हसत उभा होता. त्याच्या मागे विमानाचा लाकडी पंखा, त्याच्याहूनही उंच!

"मी तेव्हा पाच वर्षांची होते. शाळेत मला 'विमान पाडणाऱ्याची पोर' म्हणायचे. आई शेवटपर्यंत सांगायची, इंजिनाला कान लावून ऐकल्याशिवाय ते विमान सोडतच नसत. एवढी एक ओळ पुसाल का हो?"

काका अवघडले. "बाई, सरकारी चौकशीत तसंच म्हटलंय. पुराव्याशिवाय कशी पुसू?"

इराला काकांचा असा राग आला! पण सत्यजीतचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. तो फोटोला नाक लावून बसला होता.

"पंख्याच्या कडेची ही पितळी पट्टी... मधलं हे भोकांचं कडं... मी पाहिलंय हे!"

"स्वप्नात?" परेशने विचारलं.

"मागच्या अंगणात! पाण्याच्या पिंपाखाली! त्या भोकांत मी गोट्या लपवतो!"

"तो ओंडका?" काकू म्हणाली. "अरे, तो जासईच्या दादूने आणला होता. मीठ घेऊन यायचा ना तो? म्हणाला, 'काकी, ह्यो इमानाचा हाय. खाजणाच्या बांधावर उघाडीच्या दाराला लावलेला व्हता.'"

"उघाडी म्हणजे?" हेतलने विचारलं.

"बांधातलं पाणी सोडायचं दार गं. तर हे काय म्हणाले? 'ठेव मागे, बघू सवडीनं!' ती सवड काही झाली नाही. मी आपलं त्यावर पिंप ठेवलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळे अंगणात धावले. पिंप जागेवर होतं, पण विटांवर!

"सकाळी पोरं होळीची लाकडं मागायला आली होती," काका कसेबसे म्हणाले. "मीच दिला."

"काका!!" चौघंही किंचाळली, आणि मैदानाकडे सुसाट सुटली.

मैदानात एरंडाभोवती होळी उंच रचली होती. बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन निघाल्याच होत्या. अगदी तळाशी, गोवऱ्यांच्या आड, पितळी पट्टीचं एक टोक दिसत होतं. आळीतल्या पोरांचा म्होरक्या रामू कमरेवर हात ठेवून आडवा आला.

"होळीला दिलेलं लाकूड परत नाय! आमी चोरलेलं पण नाय, तुझ्या काकानं सोताच्या हातानं दिलंय."

रामूचं चुकत नव्हतं. होळीत पडलेलं लाकूड कुणी मागत नाही, हे इरालाही ठाऊक होतं. पद्मजाबाईंचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. आता काय करायचं?

"परत कोण मागतंय?" ती म्हणाली. "बदली! त्याच्याहून मोठं लाकूड दिलं तर होळीचा तोटा नाही ना?"

रामूने डोकं खाजवलं. "दुप्पट पायजे. नि दिवस बुडायच्या आत!"

पोरं घरी पोचली तेव्हा काका आत बाईंना चहा देत होते. इराने काकूच्या कानात सगळं सांगितलं. काकूची नजर फिरत फिरत ओसरीवरच्या काकांच्या आरामखुर्चीवर येऊन थांबली. भलीमोठी, एक पाय मोडलेली आणि ढेकणांनी भरलेली!

"न्या!" काकू कुजबुजली. "ते आत आहेत तोवर न्या! दहा वर्षं वाट पाहतेय मी!"

खुर्ची पालखीसारखी वाजतगाजत मैदानात गेली, आणि ओंडका अंगणात परत आला.

बादलीभर पाण्याने धुतल्यावर तो खुलला. लाकडाचे थरावर थर, मध्ये भोकांचं कडं, कडेला हिरवी पडलेली पितळी पट्टी. पण दोन्ही पाती तुटलेली! एक हातभर उरलं होतं, दुसरं वीतभर.

"पंखा तोच आहे," काका भिंग लावून म्हणाले. "पण इंजिन चालू होतं की बंद, हे यावरून कसं कळणार?"

इरा त्या तुटक्या पात्यांकडे बघत राहिली, आणि एकदम तिने टाळी वाजवली. "सत्या, आपला टेबलफॅन! तुझा चेंडू चालू पंख्यावर बसला, तेव्हा किती पाती तुटली?"

"तिन्ही. बाबांनी कानही पिळला!"

"आणि शेजारच्यांचा बंद पंखा स्टुलावरून पडला तेव्हा?"

"एकच. खाली आलेलं!"

"परेश, मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर आण! हेतल, तुमच्याकडे खाखरा आहे?"

"खाखरा? आमच्या घरी? डबे भरून!" हेतल धावली.

खाखऱ्याची दोन पाती मोटरीला बसली. बादलीत चिखल कालवला. आधी मोटर बंद ठेवून पंखा चिखलात आपटला. कट्! खालचं पातं मोडलं, वरचं शाबूत. मग नवी पाती लावून सेल जोडले. घर्रर्र... फाट्! दोन्ही पात्यांचा चुरा झाला, आणि एक तुकडा थेट काकांच्या चष्म्यावर!

"दोन्ही तुटली!" पद्मजाबाई पुटपुटल्या.

"थांबा, थांबा!" काका अजून हटेनात. "उघाडीवाल्यांनी करवतीने कापली असतील तर?"

"हात लावून बघा ना, काका."

काकांनी तुटक्या टोकांवरून बोट फिरवलं. मोडलेल्या उसासारखी फाटलेली टोकं, सगळी कुसळं. करवतीचा मागमूस नाही!

"इंजिन शेवटपर्यंत चालू होतं," ते म्हणाले. "चौकशी चुकली. आणि मीही."

"त्या सकाळी खाडीवर दाट धुकं होतं, असं आई सांगायची," पद्मजाबाई म्हणाल्या.

"ते मी शोधीन. खरं कारण कळेपर्यंत ती जागा कोरी राहील." काकांनी टर्पेंटाईनचा बोळा घेतला आणि 'इंजिन हवेतच बंद पडलं'पासून खालचं सगळं खसाखसा पुसून टाकलं. मग चौघांकडे वळून म्हणाले, "शाबास रे पोरांनो! बारा वर्षं मी कागद उपसले, आणि माझ्याच पिंपाखाली वाकून पाहिलं नाही. फळ्यावर संशोधक म्हणून तुमची नावं लागणार!"

"माझं सगळ्यात वर!" सत्यजीत म्हणाला.

"खाखरा कुणाचा होता?" हेतल फणकारली.

काका दमून बसायला वळले. "अगं, माझी आरामखुर्ची कुठाय?"

"चला, होळी पेटली!" काकू घाईघाईने म्हणाली.

मैदानात ज्वाळा उठल्या होत्या, आणि त्यात एक ओळखीची खुर्ची तडतड वाजत होती. काका बघतच राहिले. मग तेही हसायला लागले. पोरं पालथा हात तोंडावर मारून बोंबा ठोकत होती.

पद्मजाबाईंनी पदर खोचला, हात तोंडाशी नेला, आणि सगळं मैदान वळून बघेल अशी बोंब ठोकली.

"माझ्या बापानं विमान पाडलं नव्हतं होऽऽऽ!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. इराने त्यांचा हात धरला आणि तीही ओरडली. कुणाचा बाप नि कसलं विमान, रामूच्या टोळीला काही पत्ता नव्हता. पण होळीची बोंब ती. सगळ्या पोरांनी तीच ओळ उचलली आणि नरडं फाटेस्तोवर ओरडत राहिली.